पळपुट्याची लय

त्या शहरातल्या वादकांच्या बोलीत जो लय धरून ठेवत नाही आणि सरसर पुढे जातो, तो 'पळतो'. शब्द इतरत्रही असेल. इथे मात्र त्याला एक माणूस चिकटलेला होता. चाळीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात एक ड्रमवादक असा काही पळाला की पुढच्याच आठवड्यापासून त्याचे नाव 'पळपुटा' पडले. रण सोडून पळणारा हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला वरकड मिळाला. आजच्या वादकांपैकी बहुतेकांना तो माणूस खरोखर होऊन गेला की कोणी रचला, हे ठाऊक नव्हते. तालमीत कोणी घाई केली की "पळपुट्या, गाडी सुटतेय का?" एवढे मात्र सर्वांच्या तोंडी होते.

पळपुटा हयात होता. वय एकोणऐंशी. ड्रम सोडल्यावर त्याने तेवीस वर्षे घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले, आणि आता तो तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मुलीजवळ राहत होता. मुलगी शहराच्या सार्वजनिक रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होती. तिचे शिक्षण भौतिकशास्त्राचे, स्वभाव मोजून मग बोलण्याचा. वडील पळाले होते, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. कार्यक्रमाची फीत केंद्राच्या संग्रहात होती, तिने ती अनेकदा ऐकली होती, आणि शेवटच्या गाण्यात लय पळते हे कोणालाही ऐकू येण्यासारखे होते. पुरावा आपल्या माणसाविरुद्ध गेला म्हणून तो खोटा ठरत नाही, हे तिने लहानपणीच पचवले होते.

केंद्राने 'शहराचा सूर' नावाची सहा भागांची पॉडकास्ट मालिका करायला घेतली, तेव्हा तिसरा भाग याच कार्यक्रमावर असणार हे उघड होते. कारण त्याच शेवटच्या गाण्याच्या शेवटी बाईंनी तो स्वर लावला होता. बाई म्हणजे शहराची गायिका. त्यांना नावाने कोणी संबोधत नसे. त्या एका स्वराने बाई एका आठवड्यात प्रसिद्ध झाल्या. इतका वरचा स्वर कोणी पूर्ण आवाजात लावलेला शहराने ऐकला नव्हता. पुढे बाईंनी ते गाणे पुन्हा कधीच गायले नाही, त्या स्वराचा मान राखला, असे लोक सांगत. मालिकेचा निवेदक त्याच स्वराने प्रत्येक भाग सुरू करणार होता. पस्तिशीचा, हुशार, लोकांना हसवणारा माणूस. तिसऱ्या भागाचे त्याने लिहिलेले नाव होते 'वरचा स्वर आणि पळपुटा'.

मुलीने ती संहिता वाचली. पळपुट्यावर चार मिनिटे होती, त्यातली तीन हसण्याची. तिने एवढेच सुचवले, की तो माणूस जिवंत आहे, तेव्हा तिनाचे एक करावे. निवेदकाला ते माहीत नव्हते. तो ओशाळला, आणि त्याने तिनाची दोन केली.

जुन्या फितीचा आवाज स्वच्छ करणे हे तिचे काम. सभागृहातल्या, विजेवर चालणाऱ्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून एक बारीक, एकसुरी घुमणे सतत येत असते. ध्वनिमुद्रक त्याला 'हम' म्हणतात. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून हमही पन्नासवर आणि त्याच्या पटींवर बसतो. गाळणी त्या आकड्यांवर लावली की घुमणे निघून जाते. हे तिने हजार वेळा केले होते. पहिल्या गाण्यावर गाळणी लावली आणि हम गेला. शेवटच्या गाण्यावर लावली आणि हम तसाच राहिला.

तिने आधी गाळणी तपासली, मग संगणक, मग स्वतःचे कान. शेवटी आलेख काढला. शेवटच्या गाण्याच्या आरंभी हम एक्कावन्नवर होता. तिथून तो हळूहळू चढत गेला आणि बाईंच्या स्वराखाली त्रेपन्नवर पोचला.

सबंध शहराची वीज एका गाण्यापुरती वेगाने धावू शकत नाही. धावली असेल तर ती फीत. त्या कार्यक्रमाचे मुद्रण केंद्राच्याच एका माणसाने बॅटरीवर चालणाऱ्या, सोबत नेता येणाऱ्या यंत्रावर केले होते. बॅटऱ्या संपत आल्या, यंत्र रेंगाळले, फीत मंद गतीने भरली गेली. आणि केंद्रातल्या चांगल्या यंत्रावर ती प्रसारणासाठी वाजवली तेव्हा जे मंद भरले होते ते वेगाने बाहेर आले. तिने हमच्या आलेखाबरहुकूम गती उतरवली, म्हणजे हम सर्वत्र पन्नासवर येईल अशी, आणि मग ड्रमचे ठोके मोजले. गाण्याच्या आरंभी मिनिटाला एकशे बारा. शेवटीही एकशे बारा. मध्ये कुठेही एका ठोक्याहून अधिक फरक नव्हता.

तिचे वडील पळाले नव्हते. चाळीस वर्षांचा शब्द दोन संपत आलेल्या बॅटऱ्यांवर उभा होता. सभागृहात तेव्हा दोनशे माणसे होती, रेडिओवर ऐकणारी काही हजार. आणि दहाएक वर्षांत त्या दोनशे माणसांनाही सभागृहातले न आठवता रेडिओवरचेच आठवू लागले असणार.

निवेदकाने सगळे नीट ऐकून घेतले. तो मठ्ठ नव्हता. आलेख पाहताच त्याच्या लक्षात आले, आणि त्यापुढचेही आले.

"ताई, मला पटलं," तो म्हणाला. "पण फीत उतरवली तर बाईंचा स्वरही उतरणार."

"अर्ध्या स्वराने," ती म्हणाली.

"म्हणजे तो स्वरच नाही. मग मी सहा भाग कशावर उभे करू? त्याची जाहिरात झाली आहे. भिंतीभिंतीवर बाईंचा फोटो आहे."

तिने विचारले, की एका माणसाची थट्टा खोटी आहे हे कळल्यावरही तो ती करणार का. त्याने डोके खाजवले आणि मग एक अडचण सांगितली. माप घेतले कोणी, तर पळपुट्याच्या मुलीने. उद्या कोणी विचारले तर तो काय सांगणार होता? शेवटी त्याने हात झटकण्याची सभ्य वाट काढली. बाईंनी स्वतः मान्य केले, माइकसमोर, तर तो संहिता बदलील. बाई असे काही करणार नाहीत, याची त्याला खात्री होती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे गेली. लिफ्ट असलेली इमारत, जाड गालिचा, भिंतीवर मानपत्रे इतकी की भिंतीचा रंग ओळखू येऊ नये. बाई सहासष्टच्या होत्या आणि अजून रोज एक तास गळा तापवीत. माइक बंद ठेव, त्यांनी आधीच बजावले. तिने काही न समजावता उतरवलेली फीत लावली. बाईंनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

"हा माझा आवाज," त्या म्हणाल्या. "ती दुसरी कोण होती, मला कधी कळलंच नाही."

मुलीने यंत्र बंद केले. मग तिने विचारले, की बाईंना सुरुवातीपासून माहीत होते का.

"अगं, मी कुठला स्वर लावला ते मला ठाऊक नसेल? रेडिओवर ऐकलं आणि वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाला लावलंय. मी सव्वीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. तूच सांग, त्यातल्या कुठे जाऊन सांगायला हवं होतं, की ही मी नव्हे?"

गाणे पुन्हा न गाण्याबद्दल मुलीने विचारले तेव्हा बाई हसल्या. मान कसला, म्हणाल्या. गळा तिथवर पोचतच नव्हता. आणि त्यानंतर, पेला उचलता उचलता, अगदी सहज बोलून गेल्या:

"तुझ्या बाबांची लय दगडासारखी होती. मी तिच्यावर उभी राहून गायले त्या दिवशी."

"हे माइकसमोर सांगाल?"

"नाही." बाईंनी पेला खाली ठेवला. "मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण नाही. मी कोण, असं उद्या कुणी विचारलं तर लोक तो स्वर वाजवतात. दुसरं काही वाजवत नाहीत."

तिने परतताना बाईंवर राग धरायचा प्रयत्न केला आणि तो धरता आला नाही, याचाच तिला राग आला. खोटे बोलणारा माणूस असता तर त्याच्याशी भांडता आले असते. इथे खोटे यंत्र बोलले होते, आणि बाकीचे सगळे नुसते गप्प बसले होते.

मग तिने जे केले त्याला तिने मनातल्या मनात प्रयोग म्हटले. एरवी ती त्याला लबाडी म्हणाली असती. तिसऱ्या भागाच्या अंतिम मुद्रणात निवेदकाचा एकही शब्द न बदलता तिने आत फक्त उतरवलेली फीत घातली. भागाच्या आरंभीचा स्वर निवेदकाच्या पसंतीचा, जुनाच ठेवला. म्हणजे एकाच भागात तोच स्वर दोनदा ऐकू येणार होता, अर्ध्या स्वराच्या अंतराने. आणि जिथे निवेदक "आता ऐका, आपला गडी कसा सुटतो ते" असे म्हणतो, तिथे एक माणूस मिनिटाला एकशे बारा ठोके निश्चल देत राहणार होता. शहराला कान असतील तर शहर विचारील, असा तिचा होरा होता. विचारले, की उत्तर द्यायला आलेख तयार होता.

निवेदकाने अंतिम मुद्रण ऐकले आणि आवाज छान उजळलाय, ताई, असे म्हणून मान्यता दिली. भाग रविवारी सकाळी प्रसारित झाला.

मंगळवारपर्यंत त्रेसष्ट पत्रे आली. तिने सगळी वाचली, काही दोनदा. कोणाचेही असे म्हणणे नव्हते की दोन स्वर वेगळे आहेत. बाईंच्या स्वराने अंगावर काटा आला, असे एकोणतीस जणांनी लिहिले. पळपुट्यावर सतरा जण पोट धरून हसले होते. एकाने लिहिले की गडी असा सुटला होता की आपण सोफ्यावर बसल्या जागी पाय आवरून घेतले. एका संगीतशिक्षकाचे पत्र सर्वांत लांब होते. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन घड्याळ लावून ठोके मोजले होते, आणि शेवटापर्यंत लय निदान दहा ठोक्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढल्या वर्षी अभ्यासक्रमात हे उदाहरण घेण्याची त्यांनी परवानगी मागितली होती.

तिच्या प्रयोगाचा निकाल लागला होता, आणि तो तिला हवा होता तो नव्हता. उरला होता एकच कान, ज्याच्यासाठी खरे म्हणजे हे सगळे होते. वडिलांनी तो भाग ऐकला नव्हता. केंद्र लावायचे त्यांनी केव्हाच सोडले होते. तिने बुधवारी दुपारी रजा घेतली, त्यांच्या खुर्चीजवळ ध्वनिक्षेपक ठेवला, आणि ते जुनेच गाणे आहे, जरा ऐका, एवढेच म्हणाली.

ते ऐकू लागले. उजव्या हाताची दोन बोटे खुर्चीच्या हातावर आपोआप पडू लागली. त्यांचे हात हल्ली थरथरत, चमच्यातले पाणी सांडे. पण ठोक्यावर बोटे थरथरत नव्हती. तिने मांडीवरच्या घड्याळावर मोजले. एकशे बारा. गाणे अर्ध्यावर आले, तरी एकशे बारा. बाई चढू लागल्या, आणि वडिलांनी डावा हात वर केला.

"इथून," ते म्हणाले. "ऐकलंस? इथून मी पळालो."

बोटे तशीच, न डगमगता पडत होती.

गाणे संपल्यावर तिने त्यांना सगळे सांगितले. हम, बॅटऱ्या, आलेख. त्यांची स्वतःची बोटे आत्ता किती ठोके देत होती ते. आणि बाई काय बोलल्या ते. ते ऐकत राहिले. मीटर वाचताना लोक तक्रार करीत तेव्हा ते असेच ऐकून घेत असावेत. दगडासारखी लय, या शब्दांवर मात्र त्यांची मान वर आली.

"असं म्हणाली?"

"हो."

"माइकवर?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग विचारले, की ही फीत अशी हळू कोणी केली.

"मी."

ते हसले. त्या हसण्यात माया होती, आणि तिला तीच सहन झाली नाही. "तूच करणार, पोरी. तुझ्याशिवाय कोण करणार माझ्यासाठी?" त्यांनी तिच्या हातावर थरथरता हात ठेवला. "पण असं करू नये. कुणाला कळलं तर तुझी नोकरी जाईल."

तिने आलेख पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला, घडी घातली, तिच्याकडे परत दिला. तिच्यापाशी आणखी पुरावे होते. पण प्रत्येक पुराव्यावर तिचीच सही होती, आणि वडिलांना ती सही फार लाडकी होती.

"मूळची लाव," ते म्हणाले. "खरी लाव."

तिने मूळची लावली. फीत सुरू झाली, बोटे पुन्हा खुर्चीच्या हातावर आली, आणि फितीचा वेग चढत गेला तशी बोटेही चढू लागली. एकशे चौदा, सोळा, एकोणीस. बाईंचा स्वर लागला. वडिलांचा श्वास जरा फुलला होता, पण त्यांनी फितीला सोडले नाही, एकही ठोका चुकवला नाही.

"हां," ते समाधानाने म्हणाले. "हे बरोबर आहे."