तीच नावे पुन्हा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. परतवाड्याच्या एका शेतकरी संस्थेच्या कार्यालयात माझी जागा होती. भारनियमनाची ती वर्षे. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे संस्थेकडून मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे सभासद डोळे लावून बसत.

वस्तू थोड्या, सभासद पुष्कळ. म्हणून सोडत माझ्याकडून काढत. पण यंत्राला मनाने काही सुचत नाही. कळा दाबण्यातले कमी-जास्त अंतर, आतल्या तबकडीची थरथर, यांतून मी कोणालाही आधी ओळखता न येणारे आकडे जमवतो आणि त्यांवरून नावे काढतो. बंद होताना त्या आकड्यांतले मूठभर एका छोट्या फाइलीत जपतो आणि पुन्हा सुरू झालो की तिथूनच आरंभ करतो.

त्या वर्षी फवारणीच्या पंपांची सोडत झाली. पुढे म्हशींची झाली. दोन्ही वेळा तीच नावे, त्याच क्रमाने. पहिले नाव बशीर यांचे, आणि मला चालवणारी यास्मीन त्यांची सख्खी पुतणी.

सहदेव नावाचे सभासद उठले. "पोरी, हे तू करून राहिली का?"

"नाई काका."

"मंग तुया चाचाचंच नाव काहून येते?"

अध्यक्ष खुशालरावांनी म्हशींची सोडत रद्द केली. तेव्हापासून कोणीतरी यास्मीनच्या पाठीमागे उभे राहून तिची बोटे बघत असे. मी घरघरलो तरी लोक एकमेकांकडे पाहत. बशीर तिला म्हणाले, "बेटा, मायं नाव काढून टाक."

"काढलं तर चोरी कबूल केल्यासारखं होईन, चाचा."

विचार करता करता तिला आठवले, की दोन्ही सोडती वीज येताच काढल्या होत्या. वीज अचानक गेली की मला नवे आकडे जपायला वेळच मिळत नसे. उठल्यावर लगेच सोडत काढली की जुनेच हाती येत आणि नावेही तीच निघत. तिने सर्वांना बोलावले आणि सहदेवांनाच माझी विजेची तार ओढायला लावली. मला सुरू करून सोडत काढली. पुन्हा तार, पुन्हा सोडत. नावे तीच.

मग तिने मला नवी सवय लावली. उठल्याबरोबर जुने आकडे पुसून नवे जपायचे, बंद होण्याची वाट पाहायची नाही. सहदेवांनी परत तार ओढून पाहिली. आता नावे दर वेळी बदलली.

त्यानंतर म्हशींची सोडत पुन्हा झाली. सारी नावे निराळी आली, पण त्यांत बशीर यांचे होतेच. सगळे सहदेवांकडे पाहू लागले.

"घेऊन जा म्हैस, बशीरभाई," ते म्हणाले. "तार म्या सोता ओढली हाये."

यास्मीनकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बंद होताना थोडा वेळ द्या. आणि एखाद्या मुलीकडे बोट दाखवण्याआधी, एकदा तार ओढून बघा.