हरवण्याआधीची नोंद

म्हैसूर शहराचे रस्ते, चौक आणि बाजार जिथे भिंतभर पडद्यांवर अहोरात्र दिसत, त्या थंडगार कंट्रोल रूममध्ये त्र्यंबक सात वर्षं नोकरी करत होता, आणि तिथला एक नियम त्याला तोंडपाठ होता: चेहरा हरवलेल्यांच्या यादीत असेल, तरच कॅमेरे त्याला शोधतात. म्हणून वडिलांचं विसरणं वाढू लागलं तेव्हा त्याने कुणाला न विचारता, गुपचूप त्यांची नोंद करून टाकली. गंगाधरराव, वय एकोणऐंशी, सरस्वतीपुरम, बेपत्ता. त्या घटकेला गंगाधरराव घरी झोपाळ्यावर बसून पोहे खात होते. पण पाण्याआधी वळण बांधावं, हा त्र्यंबकचा स्वभावच होता.

"जित्याजागत्या माणसाला हरवला म्हणून लिहू नये हो," त्याची बायको रजनी म्हणाली. ती लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. त्याने ते हसण्यावारी नेलं.

सोमवारी दुपारी यादीची घंटा वाजली. हिनकलच्या चौकात, बगलेत छत्री मारून, गंगाधरराव ताठ मानेने चालले होते. त्र्यंबकने घरी फोन लावून वडील कुठे आहेत ते विचारलं.

"अण्णा? इथेच तर आहेत," रजनी म्हणाली. "माझ्यासमोर शेंगा सोलताहेत."

मशीन चुकलं असेल, म्हणून त्याने तो विषय सोडला. लग्नानंतरची अण्णांची पहिली भाड्याची खोली हिनकलला होती आणि तिथल्या विहिरीचे किस्से त्यांनी घरादाराला शंभरदा ऐकवले होते, म्हणून संध्याकाळी त्याने सहज हिनकलचं नाव काढलं.

"हिनकल?" अण्णा म्हणाले. "येल्ली, कुठे येतं रे ते?"

बुधवारी ते पडद्यावर देवराज मार्केटात, त्र्यंबकच्या आईसाठी पूर्वी घेत त्याच दुकानी, गजरा घेताना दिसले. त्या संध्याकाळी अण्णा त्र्यंबकच्या आईच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि रजनीला म्हणाले, "ह्या बाई कोण? छान हसतात, अल्वा, हो ना?"

तेव्हा त्र्यंबकच्या सारं ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्यावर तो न्हाणीघरात जाऊन रडला. पडद्यावरचे अण्णा जिथे जिथे जात होते, तिथलं सगळं आपल्याबरोबर उचलून नेत होते. आता राहिलं होतं एच. डी. कोटे हे गाव. तिथल्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं आणि तिथेच त्र्यंबकचा जन्म झाला होता. तिथली बस त्यांनी पकडली, की घरातल्या अण्णांपाशी मुलगाही उरणार नव्हता.

नोंद बंद करायची एकच रीत होती. सापडलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवायचं, शेजारी जवळच्या नातेवाइकाने बसायचं, आणि दोघांचेही चेहरे त्याच नोंदीत यंत्राला द्यायचे. शुक्रवारी सकाळी त्र्यंबक अण्णांना रिक्षाने कंट्रोल रूममध्ये घेऊन आला. त्याने त्यांचे केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवली.

"सुम्ने, उगाच कशाला एवढा खटाटोप रे?" अण्णा म्हणाले, पण त्यांनी त्याचा हात धरून ठेवला. त्या हाताची ऊब लागताच त्याला वाटलं, आपण वेळेवर पोचलो.

ओळख पटली नाही, असं पडद्यावर उमटलं. त्याने दिवे वाढवले, अण्णांची हनुवटी थोडी वर केली. ओळख पटली नाही. तिसऱ्या खेपेला ओळ जराशी लांबली: दोघांचीही ओळख पटली नाही.

तेवढ्यात यादीची घंटा वाजली. बसस्टँडवर कोट्याच्या बसच्या पायरीशी छत्रीवाले गंगाधरराव उभे होते, आणि आधी चढलेला निळ्या शर्टातला एक माणूस वाकून त्यांना हात देत होता. खुर्चीतल्या त्र्यंबकच्या अंगातही तोच निळा शर्ट होता. ते दोघं खिडकीजवळच्या बाकावर शेजारी शेजारी बसले, काहीतरी बोलून हसले, आणि बस हलली. दोघांच्या चेहऱ्यांखाली दोन नावं उमटली.

अण्णांनी डोळे बारीक करून ती अक्षर अक्षर लावत वाचली. "गंगाधरराव. त्र्यंबक." मग त्यांनी वळून विचारलं, "कोण हो हे दोघं?"

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने ती नावं पुन्हा एकदा सावकाश वाचली.

"ओळखीची वाटताहेत खरी," तो म्हणाला.