पोपटी हाताचा सौदा

शेळीनं अंगठा खाल्ला, तिथून सगळं बिनसलं. अंगठा प्लॅस्टिकचा होता हे खरं, पण तो यशोधराचा होता ना! पोरीच्या उजव्या हाताला जन्मापासून बोटं नव्हती. नगरच्या एका कॉलेजातल्या पोरांनी तिच्या तळव्याचं माप घेतलं आणि थ्रीडी प्रिंटरवर हात छापून दिला. छापून म्हणजे काय, तर सोऱ्यातून कुरडई पडावी तशी वितळलेली प्लॅस्टिकची तार थरावर थर बसत गेली आणि बोटं तयार झाली. रंग यशूनंच सांगितला, पोपटी. आता हिरवं दिसलं की खायचं, हे शेळीला कोणी शिकवावं लागतं का?

पोरांनी हसत हसत नवा अंगठा छापून दिला. पण तिचे आजोबा भीमराज, सगळ्या गावाचे आबा, त्यांचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"ह्या घरात एक तर हात राहील, न्हाईतर ही चिंगी!"

चिंगीला टेम्पोत घातलं आणि घोडेगावचा बाजार गाठला. यशू सोबत गेली ती मुसमुसतच. चिंगीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिला हातही हवा होता आणि चिंगीही.

बाजारात आबांना शेळीपेक्षा हाताचंच कौतुक. ज्याला त्याला थांबवून, "दाव गं यशू!" मग यशूनं मनगट वाकवायचं, आतल्या दोऱ्या ताणायच्या आणि पाचही बोटं कटकन मिटायची. मनगट सरळ केलं की उघडायची.

"जयभीम आबा," काकासाहेब नावाचे व्यापारी म्हणाले, "येवढा भारी हात हाय, तर सौदा त्याच हातानं हू द्या की!"

आता नाही कसं म्हणायचं? तिथं शेळीचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे हजार, अख्खा पंजा म्हणजे पाच, परत दाबला की आणखी पाच. आबांनी नातीच्या कानात सांगितलं, "पाचला सुरू कर, चारला सोड." फुशारकीच्या भरात एक गोष्ट ते साफ विसरले. त्या हाताला चार येतच नव्हतं. मिटली तर पाचही बोटं एकदम मिटायची.

दोघांच्या हातांवर टॉवेल पडला. यशूनं पंजा आवळला. पाच! काकासाहेबांनी तिची तीन बोटं दाबली. प्लॅस्टिकला काय कळणार? पंजा तसाच आवळलेला. त्यांनी चार दाबली. तरी तसाच.

"लई ताठ हाय पोरगी! घे, तुझ्या मनासारखं," म्हणत त्यांनी अख्खा पंजा धरला.

सौदा ठरला, यशूला कळलं. चिंगी गेली! आणि ती बया काकासाहेबांच्या धोतराचा काठ निवांत चघळत उभी होती.

यशूनं मनगट सरळ केलं आणि परत वाकवलं. कट! दहा.

"आँ?" काकासाहेब दचकले.

कट! पंधरा. कट! काकासाहेबांचे डोळे पांढरे झाले.

"आबा, ही शेळी हाय का म्हैस?" म्हणत त्यांनी हात असा हिसडला की पट्टे सुटले, टॉवेल उडाला आणि अख्खा पोपटी पंजाच त्यांच्याबरोबर गेला. दोरी अडकली होती त्यांच्या अंगठीत. "काढा, काढा!" करत ते हात झटकत पळाले. चिंगीला पुन्हा पोपटी दिसलं. पुढं काकासाहेब, मागं चिंगी, तिच्यामागं आबा. सारा बाजार पोट धरून हसत होता.

हात सोडवून, बोटं तपासून आबा धापा टाकत परत आले. "बिघडला का गं ह्यो? सारखा का मिटत हुता?"

"बिघडला न्हाई आबा." यशूचे डोळे भरले. "मीच मिटत हुते. मला चिंगी पायजे."

आबांच्या आत्ता ध्यानात आलं. ही पोपटी बोटं यायच्या आधी चार माणसं दिसली की हीच पोर तो हात फ्रॉकमागं लपवायची. आणि आज भरल्या बाजारात त्याच हातानं भांडली!

त्यांनी तिच्या मनगटावर पट्टे नीट बांधले आणि चिंगीचं दावं त्या पोपटी बोटांत दिलं.

"आवळ," ते म्हणाले. "चल घरी. हात टांगायला चांगली उंच खुंटी ठोकतो."