रविवारची बॅटरी

"उचल ती," शोनाग म्हणाली. गोठ्यातून फरपटत आणलेली बॅटरी तिनं स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली होती.

मरडोनं बायबल मिटलं. "आज रविवार, शब्बाथ आहे, शोनाग. विश्रांतीचा पवित्र वार."

"माहितेय मला. नाचायला नाही सांगत."

मी शेजारीण, सकाळपासून तिच्याजवळ बसून होते. शनिवारच्या वादळात पाच जणांची मासेमारी बोट बुडाली. तीत या दोघांचा एकुलता एक रोरी होता आणि पलीकडच्या फिनलेचा ॲलास्डर. दुपारी रेडिओवर सांगितलं की तिघांना वाचवून मुख्य भूमीवर आणलंय, पण घरच्यांना कळवल्याशिवाय नावं देता येत नाहीत. कळवणार कसं? फोनच्या तारा वाऱ्यानं तोडल्या होत्या, पुलावरून पाणी जात होतं. मात्र तिघांना बंदरावर उतरवतानाची चित्रं संध्याकाळी टीव्हीच्या बातम्यांत दाखवणार होते.

ते १९७६ साल. ग्लासगोत लोक रंगीत टीव्ही बघत होते आणि आमच्या लुइस बेटावरच्या डोंगराआडच्या गावात साधं चित्रही पोचत नव्हतं. म्हणून आम्हीच डोंगरावर चित्र पकडून गावात सोडणारा, बॅटरीवर चालणारा खांब उभारला. चर्चच्या पाळकसाहेबांची अट एकच, रविवारी तो बंद राहील. ते काम मरडोकडे आलं, कारण खांबाचं त्यालाच कळायचं आणि चर्चच्या पंचांतही तो होता. दर शनिवारी तो बॅटरी काढून खाली आणायचा. पोरं त्याला टीव्हीचा जेलर म्हणायची. काल मुलगा समुद्रात, वारा घराची छपरं उपटतोय आणि हा गृहस्थ नेमानं वर जाऊन बॅटरी घेऊन आला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

"दयेचं काम शब्बाथला चालतं," मी म्हटलं. "गाय खड्ड्यात पडली तर काढतोसच ना?"

"गाय काढली तर वाचते, पेगी. चित्र बघून कोण वाचणार?"

"मी," शोनाग म्हणाली.

मरडो उठला. बूट चढवले, बॅटरी दोरानं पाठीला बांधली. दारात फिनले उभा होता, तोही चर्चचा पंच. तोही हेच मागायला आला असणार.

"मी धरू का?" त्यानं विचारलं.

"नको. एकाच पंचानं बिघडलेलं बरं."

गाव फिनलेच्या घरी जमलं. सगळे काळ्या कपड्यांत, चर्चमध्ये बसावं तसे ओळीनं बसले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. शोनाग माझं मनगट धरून होती, हात बधिर झाला तरी मी सोडवला नाही. बातम्या सुरू झाल्यावर एकदम चित्र आलं.

पहिला उतरला तो टक्कल पडलेला म्हातारा. दुसरा ॲलास्डर. फिनलेच्या बायकोनं, केटीनं, तोंडात शालीचं टोक कोंबलं. बिचारीला हसायचीही चोरी. तिसरा धिप्पाड दाढीवाला, आमच्यातला नव्हेच. उरलेल्या दोघांचे देह मिळाले आहेत, असं निवेदकानं सांगितलं आणि तो पुढच्या बातमीकडे वळला.

शोनाग उठली. "ॲलास्डर बरा दिसला, केटी," ती म्हणाली. "कांबळं धड दिलंय त्याला." आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले.

मरडो कंदील घेऊन उतरला तेव्हा नखशिखांत भिजला होता. डोंगरावर टीव्ही नव्हता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग दुसरीकडेच पाहत विचारलं, "चित्र नीट आलं?"

"स्वच्छ आलं," शोनाग म्हणाली. "तिघंही ओळखू आले."

मरडोनं दोनदा मान हलवली, जणू कुणी त्याला रस्ता समजावत होतं. मग तो वळला.

"आता कुठं?" मी विचारलं.

"बंद करून येतो. काम झालं."

फिनले टोपी घालून त्याच्यामागं निघाला. या वेळी मरडोनं त्याला नको म्हटलं नाही.

मी शोनागला घरी चल म्हटलं, ती हलेना. दोघं अंधारात वर चढत होते. फिनलेच्या घरात टीव्हीवर कुणी बाई गात होती, छान गात होती, आणि उठून ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही दोघी ते ऐकत उभ्या होतो. मग एका ओळीच्या मध्येच गाणं थांबलं.

"पोचला," शोनाग म्हणाली.