एक आखूड पों

आमच्या वन्संचं लग्न एका भोंग्यावर अडलं होतं आणि नेमका तोच भोंगा बिघडला. लग्न ठरलेलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं, दोघं एकमेकांशी धड एक वाक्यही बोलले नव्हते. तरी अडलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चाळिशी कधीच मागे टाकलेली. धक्क्यावरच्या एका लांबट खोलीत आम्ही तिघं बोटींचे हवेचे भोंगे दुरुस्त करतो. आमचे हे लेथवर, मी नळ्या आणि व्हॉल्ववर, आणि भोंगा सुरात आला की नाही ते सांगायचं वन्संनी. भोंगे ऐकून ऐकून ह्यांना आता अर्धंच ऐकू येतं, त्यामुळे आमची भांडणं फार मोठ्याने होतात आणि लवकर मिटतात.

रोज संध्याकाळी फेरीबोट आमच्या खिडकीसमोरून जायची. तिचे कप्तान इतके अबोल की तिकीटवालासुद्धा त्यांच्याशी खुणांनी बोलायचा. पण खिडकीसमोर आले की ते भोंग्याची दोरी जराशी ओढायचे. पों! कुठल्याच नियमात न बसणारा, एक आखूड आवाज. त्या वेळी वन्सं नेमक्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत असायच्या. कुंडीतलं रोप केव्हाच मेलं होतं. पाणी घालणं चालूच होतं.

मग फेरीबोटीच्या त्या भोंग्याचा पडदा तडकला. पडदा म्हणजे बशीएवढी पातळ पोलादी चकती. ती हवेने थरथरली की भोंगा बोलतो. भोंगा बनवणाऱ्या कंपनीला मी फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तो पडदा आता येत नाही, मॅडम. तो भोंगाही येत नाही. खरं तर हा फोन तुम्हाला कसा लागला तेच मला कळत नाहीये."

बोटीच्या मालकाने सांगून टाकलं, गुरुवारी तपासणी आहे, तोवर जुना भोंगा वाजला तर ठीक, नाहीतर विजेवरचा नवा बसवणार. तो नवा त्याने आणूनही दाखवला. एक बटण. दाबलं की ठरलेला लांब आवाज, मध्ये थांबवायची सोय नाही.

"आखूड वाजत नाही?" वन्संनी विचारलं.

"आखूड कशाला हवाय?"

वन्संनी हातातला पाना इतक्या जोरात ठेवला की तो उडून ह्यांच्या चपलेवर पडला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुंडी, पाणी, पों! मला इतका आनंद झाला की मी नळ्यांच्या खोक्यात तोंड खुपसून हसून घेतलं. माझ्या स्वतःच्या लग्नातही मी एवढी हरखले नव्हते.

मग सुरू झाली पडद्याची शोधाशोध. बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून बसवलं, तर भोंगा पडसं झाल्यासारखा बोलायला लागला. तांब्याचा पत्रा लावला, तर गेंगाणा. माझ्या स्वयंपाकघरात एक झाकण जागेवर राहिलं नाही. प्रत्येकाला टिचकी मारून वन्सं "बहिरं आहे" म्हणायच्या आणि दर वेळी हे मागे वळून "काय?" म्हणायचे.

भोंगा तपासताना कर्ण्याच्या तोंडात काहीतरी कोंबायची आमची पद्धत आहे. शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. दात काढताना भोंगा वाजला तर भलताच दात हातात येतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून चिंध्या, जुनी चादर, ह्यांचे मोजे, मिळेल ते आम्ही कोंबतो.

बुधवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. डॉक्टरांकडे एक रंगारी भिंतीला पुट्टी ओढत होता. त्याने हातातली रुंद पात बादलीच्या कडेवर झटकली. टंग!

वन्संचा घास हातातच राहिला. "अगं, ऐकलंस?"

"काय?"

"पडदा!"

मी हात धुऊन पोचते तोवर वन्सं खरकट्या हाताने त्या रंगाऱ्याच्या घोडीवर अर्ध्या चढल्या होत्या.

"दादा, ती पात द्या."

"अहो, भिंत अर्धी राहिलीये माझी!"

"भिंत कुठे पळून जातेय?"

पात मिळाली. ह्यांनी त्या पातीतून चकती कापली, घासली, पुन्हा घासली. मी स्क्रू समोरासमोरचे जोडीजोडीने आवळले, कारण एक जरी जास्त घट्ट झाला तर पडदा किंचाळतो. गुरुवारी सकाळी शेवटची चाचणी. डॉक्टरांकडे पेशंट आलेला, आणि चिंध्या मी नेमक्या धुवायला टाकलेल्या. वन्संनी घाईघाईने आपल्या पिशवीत हात घातला, काहीतरी मऊ, लाल असं काढलं आणि कर्ण्यात खोलवर कोंबलं. मी हवा सोडली. आतून दबलेला, पण अगदी बरोबर सूर आला.

"लागला गं!" वन्संचे डोळे भरून आले. मी त्यांना मिठी मारली, ह्यांनी आम्हा दोघींना मारली, आणि तशाच धांदलीत आम्ही भोंगा हातगाडीवर घालून बोटीवर नेऊन बसवला.

तपासणीचे साहेब फाइल उघडून उभे राहिले. कप्तानांनी केबिनमधून दोरी ओढली.

उंऽऽ. रजईखालून कुणी कण्हावं, तसं काहीतरी.

मालक लगेच खुलला. "नवा गाडीतच आहे, आणू?"

वन्संचा हात हळूच पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला सगळं कळलं. कप्तानांनी एकदा वन्संकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी दोरी धरून ते अक्षरशः तिला लोंबकळले.

भोंऽऽऽऽ! धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले. त्यांच्याबरोबर कर्ण्यातून लाल असं काहीतरी उडालं आणि साहेबांच्या फाइलवर येऊन पडलं.

साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं. "हा कोणता भाग?"

लोकरीची कानटोपी होती, बांधायच्या नाड्यांसकट. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

"भाग नाही तो," वन्सं म्हणाल्या. "कप्तानांची टोपी आहे. भोंग्याखाली उभं राहून कान जातील त्यांचे, म्हणून विणली. द्यायची राहून गेली."

"कधीपासून?" साहेबांनाही आता रस आला होता.

"तीन हिवाळे झाले."

कप्तान खाली उतरले, साहेबांच्या हातातून टोपी घेतली आणि डोक्यावर चढवली. ती कानांच्या बोटभर वरच थांबली. भोपळ्यावर वाटी पालथी घालावी तशी.

"लांबून माप घेतलं होतं," वन्सं पुटपुटल्या. खिडकीतून, एवढ्या पाण्यापलीकडून, माणसाचं डोकं केवढंसं दिसणार!

कप्तानांनी हनुवटीखाली नाड्यांची गाठ मारली आणि ते केबिनमध्ये गेले. साहेबांनी एक लांब मागितला, तो खणखणीत वाजला. एक आखूड मागितला. पों! वन्संचे कान टोपीसारखे लाल झाले. साहेबांनी फाइलवर सही केली. मालकाचं तोंड उतरलं.

आता तरी कप्तानांनी दोन शब्द बोलावेत की नाही? नाहीच. वन्संनी पिशवी उचलली आणि फळीवरून उतरून धक्क्यावर तरातरा चालायला लागल्या.

"वन्सं, थांबा ना!" मी मागे धावले.

"कशाला थांबू? शोभा झाली ती पुरे झाली. टोपीसुद्धा बसली नाही मेली."

मागून आवाज आला. पों! वन्सं थांबल्या नाहीत. पों, पों! रांगेतले प्रवासी हसायला लागले. पों पों पों पों... आणि मग नुसतंच फुस्स. टाकीतली हवा संपली.

"टाकी भरेपर्यंत बोट हलवायची नाही!" साहेब ओरडले. मग एकदम शांत झालं. वन्सं धक्क्याच्या टोकाशी पोचल्या होत्या. पुढे वळण होतं, वळल्या की दिसेनाशा होणार. माझा जीव कासावीस झाला. अहो बोला हो, तोंड आहे ना तुम्हाला!

कप्तान केबिनच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले. टोपी एका बाजूला घसरलेली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मी... संध्याकाळी... माप द्यायला येऊ का?" आवाज चिरका होता, पण धक्काभर पोचला. "डोक्याचं! तुमच्या घरी!"

अर्धवट ऐकू येणाऱ्या आमच्या ह्यांनी मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस का?"

वन्सं वळल्या. भिंतीपलीकडून पुट्टीच्या पातीचा सूर ओळखणाऱ्या आमच्या वन्संनी कानामागे हात धरला आणि म्हणाल्या,

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."