खाणीतला आईन

मी एक जुनी चिरेखाण आहे. लोटे गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, माझा चौकोनी खड्डा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! खालच्या वाडीतली निम्मी घरं माझ्याच चिऱ्यांची आहेत.

"काय चिरा आहे!" म्हणून तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं. दगड संपला, मशीन गेलं आणि मला कुणी विचारीना. उघड्या अंगाची फार लाज वाटायची हो! मग कोपऱ्यात गाळ साचला. आधी शेवाळ आलं, मागून गवत. पाखरांनी करवंदं आणली, वाऱ्याने आईनाच्या झाडाचं बी. कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही. तरी आईन माणसाहून उंच झाला, तेव्हा मी काय मिरवले! शेजारची येसूबाई मात्र करवादायची, "नुसतं रान माजलंय. एकदा पेटवून द्यायला हवं."

यंदा मे महिन्यात तिच्या मुलाने, अनिलने, भाजावळ केली. भात पेरण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, ती. ती करायची असते पहाटे, वारा पडलेला असताना. अनिल कंपनीतली रात्रपाळी संपवून आला आणि त्याने ऊन चढल्यावर काडी ओढली.

वारा सुटला. आग सुक्या गवतात शिरली आणि थेट माझ्याकडे निघाली. माझ्या पलीकडेच येसूबाईचा गोठा! बायामाणसं धावली. पण आग झोडपायला ओले टहाळे हवेत, आणि वाळलेल्या सड्यावर हिरवं होतं ते फक्त माझ्याकडे.

अनिल खाली उतरला. घाबरून त्याने आईनालाच मिठी मारली आणि हिसके देऊ लागला. मुळं कुरकुरली. मला ओरडताही येईना!

"अरे म्येल्या, मुळातनं नको उपटूस!" काठावरून येसूबाई किंचाळली. "फांदी मोड, फांदी!"

टहाळ्यांनी झोडपून झोडपून सगळ्यांनी आग माझ्या काठावरच विझवली. आईन बोडका झाला. काळवंडलेली येसूबाई खाली आली आणि त्याच्या बुंध्याला टेकून मटकन बसली. "बाबा रे, तू नसतास तर गोठा गेला होता," ती म्हणाली आणि रडू लागली.

आता त्या बुंध्याला कोवळी पालवी फुटते आहे. मित्रांनो, माझ्यासारखी उजाड खाण दिसली, तर रोपं नाही आणलीत तरी चालेल. तिथे जे आपलं आपण उगवतंय, त्याची मुळं तेवढी राहू द्या.