मिक्सरचं कुलूप

१९९८ साली आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या मिक्सरचे पाते बदलायचे होते. हा मिक्सर म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी लोखंडी कढई. त्यात पाते फिरते आणि साच्यांची वाळू मळली जाते. मी तिथे वायरमन, नाव गणपती, पण सगळे गणपाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आमचे जुने कामगार आण्णा आत असताना बाहेरून कुणीतरी बटण दाबले होते. आण्णांचा उजवा हात कोपरापासून गेला. तेव्हा मालक जिनपालशेठनी नियम केला. आत माणूस जायच्या आधी स्विचला कुलूप घालायचे, आणि ज्याने घातले त्यानेच काढायचे. पेंटर बोलावून भिंतीवर लिहूनही घेतले.

त्या सोमवारी मी कुलूप घातले आणि चावी खिशात टाकली. काम निम्मे झाले असताना दवाखान्यातून फोन आला. माझी बायको तानूबाई गेली. मी तसाच निघालो.

पाते माझ्यामागे गुंडू फिटरने बसवले. पण कुलूप तसेच. वाळू नाही म्हणून साचे नाहीत, साचे नाहीत म्हणून भट्टी बंद. गुंडू छिन्नी घेऊन गेला, तर आण्णा स्विचपुढे खुर्ची टाकून बसलेले.

"गणपानं घातलंय, गणपाच काढंल."

शेठ आले. "आण्णा, अहो नियम मीच केलाय की."

"मग तुम्हीच मोडताय व्हय?"

शेठनी गुंडूला छिन्नी ठेवायला सांगितली. माणूस पाठवून चावी आणावी, तर कुलूप दुसऱ्याने काढल्यासारखे होणार. मला बोलवावे, तर घरात दुःख. शेवटी शेठनी आणि गुंडूने तोड काढली. गणपती कुलपाकडे येत नाही, तर कुलूप गणपतीकडे न्यायचे.

चौथ्या दिवशी कळंब्याला आमच्या दारात टेंपो थांबला. शेठ, गुंडू आणि आण्णा उतरले. मेन बंद करून, वायरी तोडून त्यांनी स्विचचा आख्खा बॉक्स भिंतीतून उपटून आणला होता. मागे अर्धी वीटही चिकटून आली होती. घरात जागा नव्हती, म्हणून तो तानूबाईच्या फोटोशेजारी ठेवला. भेटायला येणारी माणसे फोटोला फुले वाहत होती, ती बॉक्सलाही वाहू लागली.

"कारखान्याकडनं आलंय व्हय हे?" शेजारच्या चिमणाबाईंनी हात जोडून विचारले. "मालक लई चांगला दिसतोय."

"गणपा, उघड की बाबा," मालक म्हणाले.

मी चावी हातात घेतली, पण हात पुढे जाईना. कुलूप घातले तेव्हा तानू जिवंत होती. ते तसेच आहे तोवर मला सोमवार संपला नाही असे वाटत होते. उघडले की मंगळवार लागणार, आणि त्यात ती नसणार. हे शेठना कसे सांगायचे? मी म्हणालो, "आत कोण न्हाय हे बघितल्याबिगर कसं उघडू?"

"आरं, मिक्सर तिकडं, स्विच हितं!" गुंडू ओरडला. "कुणाला काय हुतंय?"

"गणपा बरोबर बोलला," आण्णा म्हणाले. "बघायलाच पायजे."

बॉक्स फुलांसकट परत टेंपोत चढला. मी त्याला धरून बसलो. वाटेत राजारामपुरीत एका रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन नमस्कार केला.

फौंड्रीत मी बॅटरी घेऊन मिक्सरमध्ये डोके घातले. कुलूप काढण्याआधी सगळ्यांची नावे घेण्याची आमची पद्धत होती.

"गुंडू!"

"बाहेर!"

"आण्णा!"

"बाहेर!"

मग माझ्या तोंडून गेले, "तानू!"

आवाज कढईत घुमला. कुणी हसले नाही. मी डोके बाहेर काढले नाही. ओ येते का ऐकत राहिलो.

आण्णांचा डावा हात माझ्या पाठीवर आला. "बाहेर हाय ती, गणपा. तिला आता काय बी हुत न्हाय. काढ."

मी कुलूप काढले. शेठनी घाईने जमिनीवरच्या बॉक्सचे बटण दाबले. अर्थातच काही झाले नाही. त्यांनी पुन्हा दाबले.

"शेठ, वायरी," गुंडू खाली बघत म्हणाला.

वायरी जोडणारा फौंड्रीत मी एकटाच. त्यासाठी बाहेरचा मेन बंद हवा, आणि मेनला कुलूप हवे. मी जाऊन ते घातले. आता दिवे, पंखे, ऑफिसची बेल, सगळेच बंद पडले. शेठ आण्णांच्या खुर्चीत बसले.

"किती वेळ लागंल, गणपा?"

"संध्याकाळ हुईल," मी म्हणालो, आणि गुंडूकडे पक्कड मागितली.